रूपविकारी

यंदा ज्वारी हुरड्यात आल्याचं मला नाकानं कळलं. शाळा सुटल्यावर स्कूटी काढली, ओढ्यावरचा पूल ओलांडला आणि गयाबाईंच्या बांधाजवळ गोवऱ्यांचा ओळखीचा धूर आला, त्यात भाजल्या कणसांचा गोडसर करपट वास. मी गाडी थांबवली. आगटीपाशी बसलेल्या गयाबाईंनी कणीस तळहातावर चोळलं, फुंकर मारून कोंडा उडवला आणि मूठभर हिरवा हुरडा माझ्या ओंजळीत टाकला. चटका बसून मी हात झटकला तशा त्या हसल्या, बाईमाणसाचे हात असे खडूसारखे मऊ असू नयेत म्हणाल्या, आणि मग दरवर्षीचा प्रश्न विचारला. "ऋतू येनार हाय का औंदा?"

ऋतू म्हणजे माझी मुलगी. तिचं खरं नाव रूथ. आमच्या ख्रिस्ती मंडळीत हे नाव जुनं आणि सरळ, पण गावाच्या जिभेवर ते कधी बसलं नाही. पहिलीच्या गुरुजींनी हजेरीपटावर बेलाशक 'ऋतू' लिहून टाकलं. मी मराठीची शिक्षिका, दुसऱ्यांच्या मुलांच्या वेलांट्या सुधारत जन्म चाललेला, पण ते नाव काही दुरुस्त करायला गेले नाही. इतकं सुंदर चुकलेलं खोडवेना. तेव्हापासून दाखल्यावर रूथ आणि गावात ऋतू असं तिचं चाललं आहे.

बघू, सुट्टी मिळाली तर येईल, असं गयाबाईंना सांगून मी निघाले. घरी पोचेपर्यंत हातांना तो वास होता. मग चहा झाला, वह्यांचा गठ्ठा समोर आला, पण लाल पेन हातात तसंच राहिलं. हुरड्याचा वास आला की मला हल्ली एकच हिवाळा आठवतो. मधले-अलीकडचे सगळे हिवाळे त्याच्या मागे जाऊन बसतात.

त्या वर्षी रूथ दिवाळीला पुण्याहून घरी आली आणि सुट्टी संपली तरी परत गेली नाही. खरं म्हणजे ती आली नव्हती, आम्हीच तिला आणलं होतं. ती खगोलशास्त्रात एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. तिच्या खोलीतल्या मैत्रिणीनं फोन करून सांगितलं की ही झोपतच नाही, अखंड बोलते, एकाच वेळी दहा गोष्टी शिकायला घेते, आणि इतकी आनंदात आहे की बघून भीती वाटते. भीती वाटावी असा आनंद कसला, हे मला तेव्हा समजलं नाही. आम्ही निघेनिघेपर्यंत आठवडा गेला आणि पोचलो तेव्हा तीच मुलगी भिंतीकडे तोंड करून पडली होती. केस विंचरून घ्यायलाही तिनं मान वळवली नाही.

नगरच्या डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. हा आजार आहे, स्वभाव नाही. कुणाचं चुकलं म्हणून होत नाही. मन कधी फार चढतं, कधी फार उतरतं. गोळी वेळेवर आणि झोप वेळेवर, एवढं पाळलं तर माणसं शिकतात, नोकऱ्या करतात, घरं चालवतात. माणूस भला होता. पण त्यांच्या दाराबाहेर मोठ्या अक्षरांत 'मनोविकार विभाग' अशी पाटी होती. रूथनं ती वाचली, आणि ती वाचताना मी तिला पाहिलं. एस.टी. कर्जतला पोचेपर्यंत ती खिडकीच्या काचेला कपाळ टेकून बसली.

नोव्हेंबर तसाच गेला. गोळ्यांनी ती सावरत होती, पण जपून, अंधारात पायरी चाचपावी तशी. तिच्या मार्गदर्शक मॅडमचा फोन यायचा. त्या बाईंनी तिला सोडलं नाही, हे त्यांचे उपकार. पुण्याच्या आकाशापेक्षा तुमचं आकाश काळं आहे, म्हणाल्या, तर तिकडूनच काम कर. जानेवारीअखेर मात्र मला सांग, परत येतेस की वर्ष सोडतेस. फोन ठेवल्यावर रूथनं माझ्याकडे पाहिलं, मी खिडकीबाहेर पाहिलं. मला ती परत जायला नको होती. तिथे रात्री तिच्या अंगावर पांघरूण आहे की नाही हे कोण बघणार? आणि मी नको म्हटलं असतं तर ती गेली नसती, हेही मला ठाऊक होतं.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तिच्या वर्गातली दोन मुलं गाडीतून दुर्बीण घेऊन आली. गच्चीवर मांडणी झाली. दुर्बिणीला कॅमेरा, कॅमेऱ्याला लॅपटॉप. मी समजत होते डोळा लावून ग्रहबिह बघायचे असतील, पण डोळा लावायचं कामच नव्हतं. दिवस मावळला की कॅमेरा आभाळाच्या एकाच तुकड्याचे फोटो काढत राहायचा आणि लॅपटॉपवर एकेक ठिपका उमटायचा. ठिपका वर गेला तर तारा उजळला, खाली आला तर मंदावला. एवढंच. जेवणं आटोपून गाव निजायच्या आत तिचं काम उरकायचं, कारण झोपेची वेळ डॉक्टरांनी घालून दिली होती आणि ती मोडायची नाही असं तिनंच ठरवलं होतं.

आमचे हे वीज मंडळातून वायरमन म्हणून नुकतेच निवृत्त झालेले. जन्मभर गावाला उजेड देण्यासाठी खांबावर चढले, आणि आता मुलीला अंधार हवा होता. आमच्या घरासमोरच खांबावर नवा पांढरा दिवा. ह्यांनी सरपंचांना विचारलं, त्यांनी हसून मान डोलावली, आणि ह्यांनी पत्र्याची एक टोपी बनवून दिव्याला अशी बसवली की उजेड रस्त्यावर पडावा, गच्चीवर नाही. लोक अजून तिला 'ऋतूची टोपी' म्हणतात. पंचाईत झाली ती नाताळच्या ताऱ्याची. कामट्यांचा सांगाडा आणि वर घोटीव कागद असा मोठा तारा हे दरवर्षी स्वतः करतात आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी गच्चीवर चढवतात. त्या वर्षी तो चढला, पण लागला नाही. मंडळीतल्या लोकांनी विचारलं तर हे म्हणाले, वरचे बघायचे आहेत म्हणून आमचा बंद ठेवलाय.

रूथ बघत होती तो तारा नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. कृत्तिकांचा झुबका आणि तांबडी रोहिणी यांच्या मधल्या आभाळात धुळीचे प्रचंड काळे ढग आहेत, तिथे तारे जन्मतात. त्यातलाच हा एक. वय काही दशलक्ष वर्षं, म्हणजे ताऱ्यांच्या हिशेबानं दूध पिणारं मूल, असं ती म्हणाली. स्वतःभोवती फार जोरात गरगरतो, अंगावर मोठाले डाग असतात, डागाची बाजू समोर आली की मंद दिसतो. भोवती अजून धुळीची चकती फिरते आहे, तिचा एखादा गठ्ठा आड आला की तोंड झाकतं. आणि मधूनच, काही सूचना न देता, तो भडकतो. आतले चुंबकीय पीळ ताणत ताणत तुटतात आणि क्षणात उजेडाचा लोळ उठतो. आपला सूर्यही लहानपणी असाच होता म्हणे. मी सूर्याकडे, म्हणजे तो ज्या दिशेला मावळला तिकडे, जरा वेगळ्या नजरेनं पाहिलं.

त्या ताऱ्याला नाव नव्हतं, अक्षरं आणि आकड्यांची लांबलचक माळ होती. ह्यांना ती पाठ होईना, म्हणून ते त्याला पोरगं म्हणायला लागले. संध्याकाळी जिन्यातूनच विचारायचे, "पोराचं कसं काय?" रूथ सांगायची, आज मंद आहे. किंवा, आज बरंय, जरा वर आहे. कितीतरी दिवसांनी माझ्या लक्षात आलं की हे ताऱ्याबद्दल विचारतच नव्हते, आणि तीही ताऱ्याबद्दल सांगत नव्हती. माझ्या नवऱ्याला मुलीच्या मनाबद्दल सरळ प्रश्न विचारता आला नसता. त्याला खांबावर चढायला सांगा, चढेल. पण ह्या एका पोराच्या नावाखाली बापलेकींची रोज विचारपूस व्हायची आणि मी भाकऱ्या थापता थापता ऐकायची.

माझं मात्र शब्दाशी अडायचं. ही एवढं मराठी आभाळ बघते आणि सगळं इंग्रजीत बोलते, हे मला सोसवेना. एका शनिवारी शाळेच्या ग्रंथालयात बसून मी जुने कोश उपसले आणि मला हवा तो शब्द सापडला. ज्यांचं तेज बदलतं त्या ताऱ्यांना मराठीत चक्क नाव होतं, रूपविकारी तारे. मला काय आनंद झाला! रूपविकारी. किती डौलदार शब्द. घरी आले ती चप्पल न काढता गच्चीवर गेले आणि जाहीर केलं, "रूथ, तुझा तारा रूपविकारी आहे."

ती वायर गुंडाळत होती. हात थांबले. वायर खाली ठेवून शांतपणे जिना उतरली आणि खोलीत जाऊन पडली. त्या संध्याकाळी दुर्बिणीवरचं कापड निघालं नाही.

मराठीच्या शिक्षकाखेरीज ही चूक दुसऱ्या कुणाला करता आली नसती. आठवीच्या वर्गात मी वर्षानुवर्षं शिकवत आले आहे, शब्दांच्या जाती दोन प्रकारच्या, विकारी आणि अविकारी. लिंग, वचन, विभक्ती यांनी ज्याचं रूप बदलतं तो विकारी, बदलत नाही तो अविकारी. विकार म्हणजे बदल, बाकी काही नाही. हा अर्थ माझ्या कानात इतका मुरला होता की त्या शब्दाला दुसरी बाजू आहे हेच मी विसरले. नगरच्या त्या दारावरची पाटी माझ्याही डोळ्यांसमोरून गेली होती, पण ती मी वाचली होती आईच्या डोळ्यांनी आणि कोश वाचला शाळेतल्या बाईंच्या डोळ्यांनी. रात्री तिच्या उशाशी बसून मी म्हटलं, अगं, तो व्याकरणातला विकारी. तिनं डोळे न उघडता म्हटलं, माहीत आहे. माहीत असूनही लागायचं ते लागतंच.

परवाच आठवीला तोच धडा होता. मी फळ्यावर दोन रकाने आखले आणि मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, बाई, विकारी चांगला की अविकारी? वर्ग हसला. मीही हसले, पण खडू खाली ठेवला, कारण हा प्रश्न मी त्या हिवाळ्यात ऐकला होता, थोडा वेगळा.

त्या वेळी चारेक दिवस रूथ वर गेली नाही. मग एका संध्याकाळी आपणहोऊन कापड काढलं आणि मला वर बोलावलं. थंडी कडक पडली होती. दोघी एका घोंगडीत बसलो. ठिपके उमटत होते. पडद्यावरची नजर न काढता तिनं विचारलं, विकारी शब्द कोणकोणते गं? मी सवयीनं म्हटलं, नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद. आणि अविकारी? मी म्हटलं, अव्ययं सगळी. वर, खाली, पण, परंतु, अरेरे.

तिनं बोटांवर सगळे मोजले. मग म्हणाली, "म्हणजे ज्याला नाव आहे ते विकारी, आणि जे काही करतं तेही विकारी. अविकारी व्हायचं तर मला 'अरेरे' व्हावं लागेल."

मी इतकी हसले की घोंगडी सुटली. एवढी वर्षं शिकवलं, पण ही गोष्ट मला कधी दिसली नव्हती. तीही हसली. आणि मग मला जे नेहमी होतं ते झालं, मी लगेच अलंकार चढवायला गेले. म्हटलं, बघ, तारेसुद्धा लहानपणी असेच असतात, मग मोठे होतात, शांत होतात. तिनं मला मध्येच थांबवलं. "आई, मी तारा नाही. माझं हे जन्मभर राहू शकतं. मला रूपक लावू नकोस." आवाजात राग नव्हता. खरं बोलायची तिची पद्धतच तशी आहे. मी सुटलेली घोंगडी तिच्या खांद्यावर ओढली. वाईट वाटलं, आणि बरंही वाटलं, कारण असं ठणकावून बोलणारी ती माझी जुनी रूथ होती.

नाताळच्या आधी गयाबाईंच्या शेतावर पाहुणे यायला लागले. पुण्याहून गाड्या भरून लोक हुरडा खायला येतात, आगट्या पेटतात, गूळ, दही, लसणाची चटणी, लहान मुलांचा कालवा. एका संध्याकाळी रूथ खाली जेवत होती आणि मला लॅपटॉपपाशी बसवून गेली होती, काही करू नकोस, फक्त बघ म्हणून. मी बघत होते. आणि ठिपके खाली यायला लागले. एक खाली, दुसरा त्याहून खाली. मी कठड्यावरून ओरडले की पोरगं विझायला लागलंय, वर ये.

ती उष्ट्या हातानं वर आली. तिनं पडद्यावर दुसरी खिडकी उघडली, तिथे पोराच्या आजूबाजूच्या चार साध्या ताऱ्यांचे ठिपके होते. अशांना तुलनेचे तारे म्हणतात. ते म्हातारे, स्थिर, त्यांच्या तेजात फरक पडत नाही, म्हणून त्यांच्याशी ताडून पोराचं मोजायचं. तेही सगळे खाली आले होते, तेवढेच. रूथनं नाकानं हवा हुंगली आणि बोटानं गयाबाईंच्या शेताकडे दाखवलं. आगट्यांचा धूर पूर्वेच्या आभाळावर पसरला होता. पोरगं ठीक आहे, म्हणाली, धुरानं सगळेच मंद झालेत. नुसतं त्याच्याकडे बघितलंस म्हणून घाबरलीस.

मग हात धुवायला वळता वळता ती अगदी सहज म्हणाली, "पप्पांनी दोन महिन्यांत पेटीला हात लावलेला नाही. तू बघितलंस?"

मी बघितलं नव्हतं. डिसेंबर लागला की हे रोज संध्याकाळी पेटी काढून नाताळची गाणी बसवतात, सूर थोडा चढा, पण प्रेमानं. त्या वर्षी घरात पेटी वाजली नव्हती आणि मला ते ऐकूच आलं नव्हतं. मी स्वतःसुद्धा कित्येक दिवसांत आरशात धड पाहिलं नव्हतं. आमच्या सगळ्या घरावरच धूर होता, आणि मी दिवसरात्र एकीचेच ठिपके बघत बसले होते. ती मात्र, जिला आम्ही आजारी समजत होतो, आम्हा दोघांनाही ताडून बघत होती. त्या रात्री मी ह्यांना म्हटलं, अहो, पेटी काढा ना. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला रडू आलं.

पेटी निघाली, मंडळीतली मुलं सरावाला आली, आणि घर परत घरासारखं वाजायला लागलं. एका दुपारी गाण्याच्या मध्येच ह्यांचा सूर असा काही फाटला की रूथ पोट धरून हसली. खूप हसली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मुलंही हसली, हेही हसले. मी हसत हसतच उठले आणि स्वयंपाकघरात गेले. फडताळात तिच्या गोळ्यांची पट्टी असायची. ती उजेडाकडे धरून सकाळची गोळी निघाली आहे ना, हे बघत होते तेवढ्यात मागे चाहूल लागली.

रूथ दारात उभी होती. तोंडावरचं हसू अजून पुरतं गेलं नव्हतं.

"मी रडले की तू माझ्याजवळ येतेस," ती म्हणाली. "मी हसले की गोळ्यांजवळ जातेस."

ती पाणी प्यायली, पेला पालथा घातला आणि बाहेर जाऊन बसली. काय सांगणार होते मी तिला? तिच्या अंधाराशी मी कशीतरी जुळवून घेतलं होतं. अंधारात ती माझ्याजवळ असायची, पांघरुणात, हाताच्या अंतरावर. भीती वाटायची ती तिच्या उजेडाची. तिचा आवाज जरा चढला, चार वाक्यं भराभर बोलली, डोळे चमकले, की मला पुण्याची ती खोली दिसायची. जिच्या हसण्यासाठी मी नवस बोलले असते तिच्याच हसण्यानं माझं काळीज लटपटायचं. आई होऊन यापेक्षा वाईट काय असतं, मला माहीत नाही.

नाताळ झाला. जानेवारी सरत आला. शेतात ज्वारी हुरड्याच्या पुढे गेली, दाणा कडक व्हायला लागला. मॅडमना उत्तर द्यायचे दिवस आले तरी रूथ तो विषय काढत नव्हती आणि मीही काढत नव्हते. रोज जेवताना तो विषय आमच्यात ताटासारखा मांडलेला असायचा आणि कुणी हात लावायचं नाही.

त्या संध्याकाळी वारा पडला होता. आभाळ धुतल्यासारखं होतं. रोहिणी माथ्याजवळ आली होती. हे खाली बातम्या लावून बसले होते, मी गच्चीवर वाळत घातलेल्या सांडग्यांची परात आवरत होते. रूथ पडद्यासमोर होती. ती एकदम ताठ बसली, एवढंच मला दिसलं.

मी जवळ गेले. ठिपके ओळीनं चाललेले, आणि मग एक वर. त्याच्या पुढचा आणखी वर. त्याच्या पुढचा इतका वर की पडद्यावरची चौकट आपोआप मोठी झाली. मला वाटलं ती आता ओरडेल, नाचेल. ती नाही ओरडली. "थांब, आधी शेजारचे बघू दे," असं स्वतःशीच पुटपुटत तिनं तुलनेचे चारही तारे उघडले. ते जागच्या जागी, शांत. मग तिनं एकेक फोटो उघडून पाहिला, विमान गेलं का, उपग्रहाची रेघ आली का, दुर्बीण हलली का. कुठे काही नव्हतं. बोट थरथरत होतं तिचं, पण क्रम चुकला नाही. सगळं पाहून झालं तेव्हा ठिपके सावकाश खाली उतरायला लागले होते. चढ झटक्यात, उतार हळूहळू. भडका असाच असतो म्हणे.

तेव्हा ती हसली. "पप्पा!" अशी हाक मारली की समोरच्या घराचं दार उघडलं. हे धापा टाकत वर आले, आणि ती त्यांना दोन्ही हातांनी धरून गोल फिरली, पोरगं भडकलं, पप्पा, पोरगं भडकलं म्हणत. त्यांना धड काही कळलं नाही, पण तेही फिरले. रस्त्यावरून गयाबाईंनी विचारलं काय झालं, तर हे म्हणाले, पोरानं दिवा लावला. कोटी कोटी मैलांवर, फार पूर्वी सुटलेला तो उजेड आज कर्जत तालुक्यातल्या एका गच्चीवर येऊन पोचला होता आणि माझी मुलगी त्याच्यासाठी नाचत होती. गाल लाल, डोळे चकाकत, वाक्यावर वाक्य. अगदी जशी मला नको असायची तशी.

माझे पाय जिन्याकडे वळले होते. खरं सांगते, वळले होते. खाली फडताळ, फडताळात पट्टी. पण मघाचं तिचं थरथरणारं बोट माझ्या डोळ्यांसमोर होतं. एवढ्या मोठ्या आनंदाच्या तोंडाशी ही मुलगी थांबली होती, शेजारचे चार तारे तिनं आधी तपासले होते. जे मी तिच्यासाठी करत होते ते तिला स्वतःला येत होतं. मी परात कठड्यावर ठेवली आणि तिथेच घोंगडीवर बसले.

नाचून दमल्यावर ती माझ्याजवळ येऊन धपकन बसली. ऊर खालीवर होत होता. हे खाली गेले, बहुतेक गूळ आणायला, कारण आनंद झाला की त्यांना गूळ लागतो. पडद्यावर ठिपके एकेक करून आपल्या जुन्या ओळीकडे उतरत होते. तिनं डोकं माझ्या खांद्यावर टेकलं.

"घेतली आहे गं," ती म्हणाली.

मी विचारलं नव्हतं. आता तिच्या केसांवरून हात फिरवत मला जे विचारायचं होतं तेच विचारलं.

"पुण्याला कधी निघायचं म्हणतेस?"